स्टिकरखालचा रंग

रेल्वेच्या फलाटावरचं वजनाचं यंत्र आठवत असेल तर त्याचा रंगही आठवतो. लाल किंवा पिवळा पत्रा, काचेमागे फिरणारी रंगीत चकती, लुकलुकणारे दिवे, आणि नाणं टाकल्यावर खटकन् खाली पडणारं जाड कागदाचं तिकीट. तिकिटाच्या एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला स्वभावाची किंवा भविष्याची एखादी ओळ. नाणं घेऊन काहीतरी हातात देणाऱ्या यंत्रांचं घराणं बरंच जुनं आहे. १८८३ साली लंडनमध्ये पर्सिव्हल एव्हरिट यांनी पोस्टकार्डं विकणारं नाण्याचं यंत्र आणलं, तेव्हापासून त्याचा आधुनिक काळ सुरू होतो. महाराष्ट्रातल्या छोट्या गावांना मात्र या घराण्यातलं वजनाचं यंत्रच सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त ओळखीचं. त्यानंतर पानटपरीवरचा रुपयाचा लाल फोन आला. ही यंत्रं आता भंगारात जातात, नाहीतर जुन्या वस्तूंची आवड असलेल्या एखाद्याच्या घरी. घरी आणणारा माणूस पहिलं काम करतो ते स्टिकर काढायचं. वर्षानुवर्षांत त्या पत्र्यावर क्लासच्या जाहिराती, लॉजचे पत्ते, देवांची चित्रं, नाणं कसं टाकावं याच्या सूचना असं बरंच काही चिकटलेलं असतं. स्टिकर निघतो, पण त्याच्या जागी त्याच आकाराचा डाग उरतो. मग हार्डवेअरच्या दुकानातून थिनरची बाटली येते, चिंधी भिजते, आणि बहुतेक वेळा यंत्राचं खरं नुकसान सुरू होतं ते तिथून.

या प्रकरणात मांडायचं आहे ते एवढंच: स्टिकरच्या जागी दिसणारा डाग हा एकच प्रकार नसतो. निदान चार वेगळ्या गोष्टी डोळ्यांना सारख्याच दिसतात. पहिली, पृष्ठभागावर राहिलेला गोंद. दुसरी, आजूबाजूचा रंग उन्हाने विटल्यामुळे उठून दिसणारा मूळ रंग. तिसरी, अंधारात झाकून राहिल्यामुळे पिवळा पडलेला पांढरा किंवा मलईसारखा रंग. चौथी, स्टिकरमधली शाई किंवा तेल रंगाच्या थरात उतरून झालेला खरा डाग. चौघींवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एकीला पुसायचं असतं, दुसरीत डागाला हात न लावता भोवतालचा रंग दुरुस्त करायचा असतो, तिसरीला प्रकाशात ठेवायचं असतं, आणि चौथीत कुठे थांबायचं ते ठरवावं लागतं. म्हणून निदान आधी आणि बाटली नंतर. हे सांगायला सोपं वाटतं, पण रंगकामाच्या रोजच्या व्यवहारात नेमकं उलट घडतं. आणि आपल्या भागातल्या उन्हामुळे दुसऱ्या प्रकाराचं प्रमाण इतकं मोठं आहे की ज्याला डाग म्हणून घासलं जातं, तोच पुष्कळदा त्या पत्र्यावरचा सर्वांत निरोगी भाग असतो.

ऊन काय करतं ते मराठवाड्यातल्या गंगाखेडच्या हिशेबाने पाहू. परभणी-परळी लोहमार्गावरचं, गोदावरीकाठचं हे तालुक्याचं गाव जवळपास १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, म्हणजेच इथे शून्य सावलीचे दोन दिवस पडतात. जुलैमध्ये ढग असतात, मेमध्ये नसतात. मेमध्ये परभणी जिल्ह्यात पारा बेचाळीसच्या पुढे जाणं नेहमीचं, आणि उघड्यावरचा गडद रंगाचा पत्रा हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी सहज जास्त तापतो. या उष्णतेत अतिनील किरण रंगाच्या थरावर काम करतात. रंग म्हणजे रंगद्रव्याचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारं राळेसारखं बंधक. ऊन आधी बंधक तोडतं. वरचा थर ठिसूळ होतो, कण सुटे होतात, बोट फिरवलं की भुकटी लागते. रंगारी याला खडू सुटणं म्हणतात. जुने लाल रंग यात विशेष हळवे. जुन्या लाल इनॅमलमधली बरीच सेंद्रिय रंगद्रव्यं उन्हात फिकी पडतात, त्यामुळे भडक लाल हळूहळू वीटकरी आणि मग गुलाबीसर होतो. स्टिकरच्या खाली मात्र यांतलं काहीच होत नाही. तिथे किरण पोचत नाहीत, पाऊस लागत नाही, हात घासत नाहीत. स्टिकर निघाल्यावर दिसणारा गडद लाल चौकोन म्हणजे स्टिकर लागला त्या दिवशीचा रंग, वयाने थोडा मुरलेला. डाग पडलेला आहे तो बाकीच्या पत्र्यावर.

हे ओळखायचं कसं? सर्वांत चांगला साक्षीदार यंत्राच्या आतच असतो. नाण्यांच्या पेटीचं दार उघडावं. दाराच्या कडेला आणि बिजागरीच्या मागे रंगाची एक अरुंद पट्टी असते, तिला कधीच ऊन लागलेलं नसतं. तिच्या शेजारी धरून डागाचा रंग पाहावा. दोन्ही जुळले तर तो डाग नव्हे, मूळ रंगच आहे. दुसरी खूण बोटाच्या नखाची. डागाच्या कडेवरून नख हळूच आडवं फिरवलं तर कधीकधी अगदी बारीक पायरी लागते. बाहेरचा थर झिजलेला असतो, आतला नसतो. पायरीनंतर डागाचा भाग वर असेल आणि गुळगुळीत असेल तर झीज बाहेर झाली आहे, आणि वर असूनही चिकट असेल तर गोंद आहे. तिसरी खूण आकाराची. डाग स्टिकरच्या बाह्यरेषेप्रमाणे असेल तर गोंद, ऊन किंवा अंधार यांपैकी काहीतरी. पण त्यात अक्षरं उमटली असतील तर शाई उतरल्याची शंका घ्यावी. इथे एक सावधगिरी लागते. अक्षरं दिसली म्हणजे शाईच, असं नाही. पारदर्शक किंवा पातळ स्टिकरवर काळ्या अक्षरांखाली प्रकाश अडतो आणि मोकळ्या जागेतून आत जातो. त्यामुळे शाईचा एक थेंबही न उतरता अक्षरांच्या जागी रंग गडद राहू शकतो. फरक रंगच्छटेत कळतो. अक्षरं मूळ रंगाचीच पण गडद असतील तर ते काम उन्हाचं. लाल पत्र्यावर निळसर किंवा काळपट, म्हणजे परकी छटा असेल तर शाईचं.

विटलेल्या रंगाचा उपाय डागाबाहेर करायचा. वरचा मेलेला, भुकटी झालेला थर काढला की खालचा अजून जिवंत असलेला रंग उघडा पडतो आणि डागाशी बराचसा जुळतो. गाड्यांचे पेंटर ज्याला रबिंग मारणं म्हणतात तेच हे काम, पण इथे ते मशीनच्या चाकाने करू नये, हाताने करावं. कारण हिशेब मायक्रॉनचा आहे. इनॅमलचा एक हात वाळल्यावर साधारण २५ ते ३० मायक्रॉनचा राहतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या निम्म्याहूनही कमी. दोन हातांचं काम असेल तर साऱ्या आयुष्याला पुरवायची पुंजी पन्नास-साठ मायक्रॉन, आणि त्यातली काही उन्हाने आधीच खाल्लेली. पत्र्याच्या कडा आणि उठावाची अक्षरं यांवर ती आणखी पातळ असते, कारण ओला रंग कडेवरून ओघळून मागे सरतो. म्हणून कडांवर रबिंग जवळजवळ टाळावंच. त्याआधी धुणं महत्त्वाचं. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ फार बारीक असते आणि ती रंगाच्या छिद्रांत बसते. कोरड्या फडक्याने पुसलं तर तीच धूळ पत्र्यावर ओरखडे काढते. पाणी आधी, घासणं नंतर. पाणीही शक्यतो बोअरचं नको. बेसाल्टच्या खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तापलेल्या पत्र्यावर वाळले की पांढरे ठिपके सोडतात. शेवटचा हात बॅटरीत घालायच्या पाण्याने फिरवला तर हा त्रास वाचतो.

धुण्यासाठी काय वापरायचं हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. घरातला धुण्याचा सोडा आणि कपड्यांची पावडर दोन्ही अल्कधर्मी असतात. गेल्या शतकातल्या बहुतेक पत्र्याच्या वस्तूंवर जो सिंथेटिक इनॅमल आहे, त्याचं बंधक अल्किड म्हणजे वनस्पती तेलापासून केलेली राळ असते. तेल आणि अल्क एकत्र आले की साबण होतो. सोड्याच्या पाण्याने इनॅमल घासणं म्हणजे त्याच्या बंधकाचा थोडा थोडा साबण करणं. चमक जाते, पृष्ठभाग मऊ पडतो, आणि माणसाला वाटतं की मळ निघाला. सौम्य भांडी घासायचं लिक्विड भरपूर पाण्यात, किंवा रिठ्याचं पाणी, एवढं पुरेसं असतं.

तिसऱ्या प्रकारात, म्हणजे पांढऱ्या किंवा मलई रंगाच्या पत्र्यावर, गोष्ट बरोबर उलटी होते. इथे स्टिकरखालचा भाग पिवळट दिसतो आणि बाहेरचा पांढरा. गोंदाने रंग पिवळा केला, असा सरळ निष्कर्ष निघतो आणि थिनरची बाटली पुन्हा पुढे येते. गोंदाचा हात त्यात असू शकतो. पण तो पूर्ण पुसल्यावरही पिवळेपणा राहिला तर कारण तेलात शोधावं. अल्किड राळेत जवसाचं तेल असेल तर तो रंग अंधारात पिवळा पडतो. जवसाच्या तेलात लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या आसपास असतं, आणि प्रकाश नसताना त्याच्यापासून तयार होणारे पिवळे घटक साठत जातात. प्रकाशात तेच घटक मोडतात. भिंतीवरची तसबीर हलवली की मागे पिवळा चौकोन दिसतो, त्यामागेही जुन्या तेलरंगाचा हा गुण पुष्कळदा असतो. करडईच्या तेलात लिनोलेनिक आम्ल जवळजवळ नसतं, म्हणून न पिवळणाऱ्या पांढऱ्या रंगांसाठी करडईची राळ चांगली मानली जाते. परभणी जिल्हा करडईचा. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखं वाण दिलं. तेलाच्या घाण्यावर जाणाऱ्या या पिकाचा पत्र्यावरच्या पांढऱ्या रंगाशी इतका जवळचा संबंध आहे, याची दखल आपल्याकडे फारशी घेतली जात नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवलं.

या पिवळेपणावरचा उपाय म्हणजे प्रकाश. स्वच्छ केलेलं यंत्र भरपूर उजेडाच्या जागी काही आठवडे ठेवलं की पिवळी छटा आपोआप उतरत जाते. यावर कोणी म्हणेल, आत्ताच उन्हाने रंग खाल्ला असं सांगितलं, आणि आता उन्हातच ठेवायला सांगता? आक्षेप रास्त आहे, त्याचं उत्तर वेळ आणि प्रत यांत आहे. खडू सुटायला आणि रंग विटायला वर्षं लागतात, तर अंधारातला पिवळेपणा उतरायला आठवडे. शिवाय त्यासाठी थेट दुपारचं ऊन लागत नाही. ओसरीतला किंवा खिडकीजवळचा उजेड चालतो, आणि खिडकीची काच अतिनील किरणांतला सर्वांत तीव्र भाग अडवते. पत्रा तापू नये हेही त्यात साधतं. लाल भाग आणि पांढरा भाग एकाच यंत्रावर असतील तर लाल भागावर काळं कापड टाकून पांढरा तेवढा उघडा ठेवावा. घाईने पिवळेपणा घासून काढणाऱ्याच्या हातून पांढरा थर पातळ होतो आणि खालचा प्रायमर डोकावू लागतो. मग ती जागा कायमची राखाडी किंवा तांबूस दिसते.

आता गोंद. स्टिकरचेही काळ आहेत आणि प्रत्येक काळाचा गोंद वेगळा. जुन्या सायकली, शिवणयंत्रं, रेडिओ यांच्यावर असायची ती पाण्यात भिजवून सरकवायची चित्रं. त्यांचा गोंद डेक्स्ट्रिनसारखा, पिष्टापासून केलेला. तो कोमट पाण्यात विरघळतो, पण चित्रावर पुढे वॉर्निशचा हात दिलेला असेल तर पाणी आत जात नाही. अमेरिकेत स्टँटन एव्हरी यांनी १९३५ साली नुसता दाबून चिकटणाऱ्या लेबलांचा धंदा सुरू केला, आणि तिथून आजचा स्टिकर आला. या स्टिकरचा जुना गोंद रबराचा. रबर हवेतल्या ऑक्सिजनने आधी मऊ आणि चिकट होतं, मग पिवळं, शेवटी तपकिरी आणि काचेसारखं कडक. अलीकडचे गोंद अॅक्रिलिकचे, ते पिवळे कमी पडतात पण धरून जास्त ठेवतात. म्हणून एकाच पत्र्यावर शेजारी शेजारी असलेल्या दोन स्टिकरांना एकच औषध लागू पडेल असं नाही.

काढायची पद्धत मात्र जवळपास एकच. स्टिकर सावलीत, हेअर ड्रायरने हाताला सोसेल इतका गरम करायचा, कोपरा प्लास्टिकच्या कार्डाने उचलायचा आणि स्टिकर स्वतःवरच उलटा दुमडून, पत्र्याला जवळजवळ समांतर, अगदी सावकाश ओढायचा. सरळ वर ओढला तर रंगाचा टवका निघू शकतो. मे महिन्यात दुपारी पत्रा आपसूकच गरम असतो म्हणून तेव्हा हे काम करावंसं वाटतं, पण फार तापलेला गोंद पत्र्यापासून सुटत नाही, मधोमध फाटतो. अर्धा स्टिकरबरोबर येतो, अर्धा तारा सोडत पत्र्यावर राहतो. सकाळी थंड पत्र्यावर तो ठिसूळ असतो आणि कागद तुकड्या-तुकड्यांनी निघतो. मधली ऊब साधायची. उरलेल्या गोंदावर आधी खोबरेल किंवा कोणतंही खाण्याचं तेल लावून तासभर ठेवावं, रबरी गोंद त्यात फुगतो आणि बोटाने गोळा होऊन येतो. नाही आला तर मिनरल टर्पेंटाइन, तेही कापसाच्या बोळ्यावर, पत्र्यावर ओतून नाही. अॅक्रिलिक गोंदाला स्पिरिट बरं लागू पडतं, पण ते लपलेल्या जागी तपासूनच. प्रत्येक पायरीला बोळा उलटून पाहायचा. बोळ्यावर तपकिरी उतरला तर गोंद येतोय, लाल उतरला तर यंत्राचा रंग येतोय आणि तिथेच हात थांबला पाहिजे. तेल वापरलं असेल तर शेवटी ते धुऊन काढावं, नाहीतर आठ दिवसांत धुळीचा नवा डाग त्याच आकारात तयार होतो.

थिनरचा पक्ष घेणारे लोक अनुभवाचा दाखला देतात. दहा गाड्यांवर थिनर लावलं, काही झालं नाही, असं गॅरेजवाले सांगतात, आणि ते खरंही असतं. आजच्या गाड्यांवर भट्टीत पक्का केलेला किंवा दोन घटक मिसळून जोडला जाणारा रंग असतो. त्याच्या रेणूंचं जाळं घट्ट विणलेलं असतं, थिनर त्यात सहज शिरत नाही. जुन्या यंत्राचा रंग या जातीचा असेलच याची खात्री नाही. हवेत वाळलेला अल्किड इनॅमल थिनरने आधी फुगतो आणि मग सुरकुत्या पडून उचलला जातो. त्याहून नाजूक तो ड्यूको, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. १९२०च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने तो मोटारींसाठी आणला तेव्हा रंग वाळण्याचे आठवडे तासांवर आले, कारण तो रासायनिक क्रियेने पक्का होत नाही, नुसता द्रावक उडून जाऊन वाळतो. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून त्याचं बंधक तयार होतं. जो पदार्थ केवळ द्रावक उडून वाळला तो तोच द्रावक मिळाल्यावर, पन्नास वर्षांनीही, पुन्हा विरघळतो. अशा पत्र्यावर थिनरची चिंधी फिरवली की डाग निघतो हे खरं, पण तो रंगासकट निघतो. कोणता रंग आहे हे ठरवायला पुन्हा नाण्याच्या दाराची आतली कड उपयोगी पडते. कापसाच्या काडीवर थिनरचा एक थेंब तिथे टेकवावा. लगेच चिकट होऊन रंग काडीवर आला तर ड्यूको. मिनिटाभराने सुरकुतला तर अल्किड. काहीच झालं नाही तर भट्टीचा किंवा नव्या जातीचा, आणि मग थिनरला हरकत घेण्याचं कारण बरंच कमी होतं. दहा गाड्यांचा अनुभव खोटा नाही, तो दुसऱ्या रंगावरचा आहे.

उरतो चौथा प्रकार, खरा डाग. प्लास्टिकचे स्टिकर आणि रेडियमच्या दुकानात कापून मिळणारी अक्षरं बहुधा पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मुळात कडक. त्याला लवचीक करायला त्यात तेलासारखी द्रव्यं मिसळतात, मऊ पीव्हीसीत ती वजनाच्या पाव हिश्श्यापर्यंत, कधी त्याहूनही जास्त असतात. ही द्रव्यं जागेवर बांधलेली नसतात. उष्णतेत ती गोंदात आणि गोंदातून रंगाच्या थरात झिरपतात, आणि जाताना विरघळणारी शाई सोबत नेतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही वाटचाल थंड प्रदेशापेक्षा फार वेगाने होते, म्हणून परदेशी माहितीपुस्तकांतला दिलासा आपल्याकडे जसाच्या तसा घेता येत नाही. अशा डागावर चुन्याच्या निवळीसारखं घरगुती काही लावू नये, अल्काचं आधी सांगितलेलं कारण इथेही आहे. खडूची बारीक पूड मिनरल टर्पेंटाइनमध्ये कालवून त्याचा जाड लेप डागावर द्यावा आणि वर प्लास्टिकचा कागद टाकावा. काही तासांनी कागद काढून लेप वाळू द्यावा. वाळताना द्रावक बाहेर येतो आणि येताना झिरपलेल्या तेलातला काही भाग खडूत ओढतो. दोन-तीन लेपांत फिकटपणा आला नाही तर तो डाग थराच्या खोलीपर्यंत गेलेला आहे, आणि तो पूर्ण काढणं म्हणजे रंग काढणंच. तिथे फिकट डागासह जगणं हाच शहाणपणाचा निर्णय वाटतो. फलाटावर उभं राहिलेल्या यंत्राच्या अंगावर तो शोभून दिसतो.

एवढा खटाटोप कशाला, पॉलिश पेपर मारा आणि नवा रंग द्या, हा सर्वांत वजनदार आक्षेप. रोज शेतात जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटबद्दल तो मान्यच करावा. पण नव्या रंगाने निदानाची गरज संपते असं मात्र नाही. गोंदाचा अंश राहिला तर नवा रंग त्या जागी धरत नाही, डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. कडेची पायरी राहिली तर नव्या चकचकीत थरातून जुन्या स्टिकरचा चौकोन वाकड्या उजेडात पुन्हा दिसतो. आणि काही जुनी लाल रंगद्रव्यं नव्या रंगाच्या द्रावकात विरघळून वर येतात, पांढरा हात दिला तर तो दुसऱ्या दिवशी गुलाबी झालेला सापडतो. घासण्यात धोकाही आहे. जुन्या पत्र्याच्या वस्तूंवर शिशाचे रंग आणि शेंदराचा प्रायमर सर्रास असायचा, शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आणणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाबद्दल निर्धास्त राहता येत नाही. कोरडा पॉलिश पेपर मारून उडालेली ती धूळ श्वासात आणि अंगणातल्या मुलांच्या हातांवर जाते. घासायचंच असेल तर वॉटर पेपर, ओला, तोंडाला चांगला मास्क आणि खाली पसरलेलं प्लास्टिक, हे किमान.

शेवटचा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि तो डाग काढायला बसण्याआधी विचारायला हवा: स्टिकर कोणाचा होता? क्लासची जाहिरात असेल तर तिची खूण पुसली गेल्याने काही बिघडत नाही. पण पत्र्याच्या दर्शनी भागावरची खूण पुष्कळदा कारखान्याने लावलेल्या मूळ चित्राची असते, कधी कंपनीच्या नावाची, कधी नाण्याच्या सूचनेची. मूळ चित्र उन्हाने केव्हाच झडून गेलेलं असतं आणि त्याची माहिती देणारं दुसरं काही उरलेलं नसतं. अशा खुणेवर रबिंग मारलं की यंत्राच्या चेहऱ्याचा एकमेव पुरावा जातो. म्हणून आधी अंधाऱ्या खोलीत टॉर्च पत्र्याला लावून तिरपा धरावा आणि फोटो काढावेत. सरळ उजेडात न दिसणारी अक्षरं अशा तिरप्या उजेडात उठून दिसतात. मग ट्रेसिंग पेपर ठेवून बाह्यरेषा आणि अक्षरं मऊ पेन्सिलीने उतरवून घ्यावीत, जवळच्या कडेपासूनची अंतरं मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावीत, आणि दाराच्या आतल्या रंगाशेजारी रंगाची पट्टी धरून छटेचा क्रमांक टिपावा. या कागदावरून रेडियमचं काम करणारा कोणीही कारागीर तेच चित्र पुन्हा कापून देऊ शकतो. त्याच्याकडून मऊ स्वस्त पीव्हीसी घेऊ नये. ओतून केलेला, कमी आकसणारा व्हिनाइल आणि अॅक्रिलिक गोंद मागावा, आणि यंत्र पश्चिमेच्या भिंतीला न ठेवता आत, जिथे दुपारचं ऊन पोचत नाही अशा जागी उभं करावं.